तुरुंगाच्या दाराबाहेरची गोष्ट



दिवेलागण झाली, जनावरं गोठ्यात आली, चुलीवर भाकरी पडली, की आजकाल गावातल्या घराघरांतून पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो आणि पाठोपाठ गोळी सुटल्याचा आवाज. परक्या माणसाला वाटावे, गावावर दरोडा पडला! पण तसं काही नसतं. दूरचित्रवाणीवर मालिका लागलेली असते, नाहीतर कोणाचा तरी मुलगा मोबाईलवर तीच पाहत बसलेला असतो. पूर्वी आमच्या विदर्भात माणसे दंडारीला जमत, कीर्तनाला जमत. आता गोष्ट घरी येते, आणि बहुधा ती गुन्ह्याची असते.

या गोष्टींचा साचा तुम्हांला पाठ असेल. एक साधासुधा माणूस. त्याच्या घरावर घाला येतो. तो ठाण्यात जातो, तिथे त्याला हाकलून देतात. कोर्टात जातो, तिथे साक्षीदार फिरतात. मग तो स्वतःच कोयता उचलतो. किंवा दुसरा साचा घ्या : दहा-बारा वर्षे सजा भोगून एकजण तुरुंगाबाहेर येतो. मोठे लोखंडी दार मागे बंद होते, तो आभाळाकडे पाहतो, आणि तिथून सुडाला निघतो. शेवटी खलपुरुष मरतो, आपण समाधानाने जेवायला उठतो.

असल्या गोष्टी पाहू नका असे सांगायला मी आलेलो नाही. आपल्याला त्या आवडतात त्याचे कारण वाईट नाही. अन्याय झाला तर त्याचा निकाल लागला पाहिजे ही ओढ त्यामागे आहे. फार जुनी ओढ आहे ही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. राज्यकर्त्यांना कीचक कोण आणि द्रौपदी कोण ते बरोबर कळले होते. पण त्या कथेतली एक गोष्ट आपण सहसा विसरतो. द्रौपदी आधी भीमाकडे गेलेली नाही. ती आधी विराटाच्या भरसभेत गेली. तिथे राजाच्या डोळ्यांदेखत कीचकाने तिला लाथ मारली, आणि राजा गप्प बसला. भीमाची पाळी त्यानंतर आली.

हे लक्षात ठेवून आता आमच्या नागपूरकडे या.

उत्तर नागपुरात कस्तुरबानगर नावाची वस्ती आहे. हातावर पोट असलेल्या लोकांची, बहुसंख्य दलितांची. या वस्तीवर दहा-बारा वर्षे अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहशत होती. खंडणी, मारहाण, खून, आणि बायाबापड्यांवर अत्याचार. त्याला अनेकदा अटक झाली आणि दरवेळी तो सुटून आला. तक्रार करायला गेले तर ठाण्यात ऐकून घेत नाहीत, उलट तक्रार कोणी केली हे त्यालाच कळते, असे वस्तीतल्या लोकांचे म्हणणे होते. ज्या घरातून तक्रार जाई त्या घराचे काय होत असेल ते सांगायला नको.

ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीचा संयम सुटला. लोकांनी त्याचे घर पाडले. तो पोलिसांच्या ताब्यात गेला. त्यानंतर आठवडाभरात, १३ ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी त्याला जिल्हा न्यायालयात आणले. तो पुन्हा जामिनावर सुटणार अशी कुणकुण वस्तीत होती. न्यायालयात मोठा जमाव घुसला, त्यात बायका पुष्कळ होत्या. तिखटाची पूड उधळली गेली, सुऱ्या निघाल्या, आणि थोड्याच वेळात, न्यायाधीश जिथे बसतात त्या दालनात, अक्कू यादव मरून पडला. पोलिसांनी पाच बायकांना धरले तेव्हा वस्तीतल्या इतर बायका पुढे आल्या आणि म्हणू लागल्या, आम्हा सगळ्यांना धरा.

या घटनेची बातमी जगभर गेली. २०२१ साली ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट तिच्यावर बेतून निघाला; त्यात अमोल पालेकरांनी निवृत्त न्यायाधीशाचे काम केले, आणि ‘सैराट’मुळे घरोघर माहीत झालेली रिंकू राजगुरू वस्तीतली शिकलेली मुलगी झाली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, ‘इंडियन प्रिडेटर’ या मालामध्ये ‘मर्डर इन अ कोर्टरूम’ हा तीन भागांचा माहितीपट आला. दिग्दर्शक उमेश विनायक कुलकर्णी. ‘वळू’ आणि ‘देऊळ’ तुम्ही पाहिले असतील, तेच. चित्रपट पाहून मन पेटते. माहितीपट पाहून मन घोटाळते, आणि मला विचाराल तर हा घोटाळा जास्त उपयोगाचा आहे.

कारण नेमके मारले कोणी, हा प्रश्न अजून उभाच आहे. दोनशे बायकांनी मारले, असे सर्वांच्या तोंडी बसले. पुरुष होते, आणि बायकांनी दोष आपल्या अंगावर घेतला, असेही काही जण म्हणतात. खटला चालला. एक नाही, दोन नाही, दहा वर्षे. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. भर न्यायालयात, दिवसाढवळ्या, इतक्या लोकांसमोर माणूस मारला गेला, आणि तो कोणी मारला हे कायद्याला ठरवता आले नाही.

आता या दहा वर्षांचा विचार करा. पडद्यावर ही दहा वर्षे ‘काही वर्षांनंतर’ अशा एका ओळीत संपतात. पण आरोपीच्या यादीत ज्या बाईचे नाव आहे तिला ती एकेक तारीख करून काढावी लागतात. तारखेच्या दिवशी धुणीभांड्याचे काम बुडते, रोज बुडतो. वकिलाला द्यायला पैसे हवेत. मुलीचे लग्न ठरवायला पाहुणे येतात, चहा घेतात, आणि बाहेर पडून शेजाऱ्याला विचारतात, “हेच का ते मर्डरवाले घर?” पुढे ‘निर्दोष’ असा कागद मिळतो खरा, पण गेलेली दहा वर्षे त्या कागदावर परत मिळत नाहीत. आणि अक्कू यादवच्या हातून ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या स्त्रियांचे काय? तो मेल्यामुळे त्याच्यावरचे खटलेही संपले. त्या बायकांच्या बाजूने, न्यायासनावरून, ‘होय, हे घडले आणि हा गुन्हा आहे’ असे शब्द कधी उच्चारलेच गेले नाहीत. सुडाने एक दहशत संपवली हे मी नाकारत नाही. त्या वस्तीतल्या माणसाला नाकारताही येणार नाही. पण न्याय म्हणजे जे मिळायचे ते त्यांना मिळाले नाही.

तुम्ही म्हणाल, भाऊ, मग त्यांनी करायचे तरी काय होते? हा प्रश्न रास्त आहे. विराट गप्प बसला होता, हे विसरून चालायचे नाही. म्हणून त्यानंतरच्या वर्षांत कायद्यात काय बदलले ते सांगतो, गावात दहा जणांना माहीत असलेले बरे.

स्त्रीवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवून घ्यायला नकार देणारा अधिकारी २०१३ पासून स्वतःच गुन्हेगार ठरतो. त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे लागू झाले त्यांतही हे कलम आहे. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही असे सांगून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते. तरीही घेतली नाही, तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. साक्षीदाराला धाक असेल तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. दूरध्वनीचा क्रमांक १५१००. हे सगळे दरवेळी सुरळीत चालते असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की २००४ साली कस्तुरबानगरापुढे जेवढी दारे बंद होती तेवढी आज बंद नाहीत, आणि जी उघडी आहेत ती ठोठावायला माणूस बरोबर लागतो. शिकलेला माणूस लागतो.

आणि जमावाच्या न्यायाचे कौतुक करण्यापूर्वी धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. लोकांनी त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही निरपराध. त्या लोकांनाही त्या क्षणी वाटत होते की आपण न्यायच करतो आहोत, आपली लेकरे वाचवतो आहोत. कस्तुरबानगरातला गुंड खराखुरा होता आणि राईनपाड्यातले भिक्षेकरी निर्दोष होते, हा फरक मोठा आहे. पण जमावाजवळ हा फरक तपासून पाहण्याचे साधन काय असते? पुरावा मागणारा माणूस जमावात टिकत नाही, त्याचाच आवाज आधी दाबला जातो.

हे झाले कोयत्याचे. आता तुरुंगाचे दार उघडल्यावर बाहेर येतो त्या माणसाकडे वळू. मालिकेतला माणूस सुडाला निघतो. खरा माणूस बहुतेक वेळा बसथांबा कुठे आहे ते विचारतो.

नागपूरचे मध्यवर्ती कारागृह वर्धा रस्त्याला आहे, १८६४ सालचे. त्याच्या उंच भिंतीजवळून आपण शेकडो वेळा गेलो असू, आणि आत सगळे ‘गुन्हेगार’ आहेत असे धरून चाललो असू. पण आपल्या भाषेतच दोन शब्द आहेत, कच्चा कैदी आणि पक्का कैदी. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, ज्याला कायद्याने अजून दोषी म्हटलेले नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत दर १०० कैद्यांमागे ७५ हून अधिक कच्चे कैदी होते. चारांतले तीन! त्यांतले कित्येक उद्या निर्दोष सुटतील. गावात मात्र ते ‘जेलात जाऊन आलेले’च राहतील. शिक्षक मंडळींनी नागरिकशास्त्राच्या तासाला आरोपी आणि गुन्हेगार या दोन शब्दांतला भेद एकदा फळ्यावर लिहून समजावून दिला, तर मुले तो घरी जाऊन सांगतील.

जाता जाता एक गैरसमज. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, आणि तुरुंगात दिवस वेगळा, रात्र वेगळी धरतात म्हणून सातच वर्षे, असे पारावर मोठ्या खात्रीने सांगितले जाते. यात काही तथ्य नाही. दिवस तिथेही चोवीस तासांचाच असतो. जन्मठेप म्हणजे जन्मभर. सरकारला शिक्षेत सूट देता येते, पण खुनासारख्या गुन्ह्यात निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष काढल्याखेरीज नाही. तेव्हा जो जन्मठेपेचा कैदी सूट मिळून कायमचा घरी आला आहे, तो फुकट सुटून आलेला नसतो.

आणि घरी येतो म्हणजे कुठे येतो? त्याच गल्लीत. जमिनीचा वाटा भावाने कसायला घेतलेला असतो. लहान होती ती मुले ओळख धरत नाहीत. ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले आणि हातून भलतेच घडून गेले, त्या मयताचे घर चार घरे सोडून असते. त्या घरच्यांनी हसून त्याचे स्वागत करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचे दुःख त्यांचे आहे, त्याला मुदत नसते. पण बाकीच्या गावाचे काय? त्याला मजुरीवर कोणी बोलावत नाही. पंगतीत शेजारी कोणी बसत नाही. गावात कोंबडी चोरीला गेली तरी पोलीस आधी त्याच्या दारात. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिले आहे की एकाच गुन्ह्यासाठी एका माणसावर दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा करता येत नाही. न्यायालय हे पाळते. गाव पाळत नाही. गावाची सजा सुरू होते ती न्यायालयाची संपल्यावर, आणि तिला सूटही नसते, संचित रजाही नसते.

दुसऱ्या रीतीने वागून पाहिलेले गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३९ साली, औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या गांधीवादी इंजिनिअरने मिळून तिथे कैद्यांची खुली वसाहत उभारली. ‘खुली’ हा शब्द तिथे खरा आहे. शिक्षा झालेली माणसे बायकामुलांसह राहणार, शेती करणार, पिकवलेला माल बाजारात नेऊन विकणार. दारावर बंदूक नाही. त्या काळी पुष्कळांना हा वेडेपणा वाटला असेल. ती वसाहत आजही आहे, आणि आमच्याकडे अमरावती जिल्ह्यात मोर्शीलाही खुले कारागृह आहे.

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, माडगूळकर त्याच माणदेशातले. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला बाजाराचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. सहा खुनी कैदी माळरान फोडून भाजी पिकवतात, स्वस्त दराने विकायला बसतात, आणि व्यापाऱ्याची माणसे येऊन त्यांना झोडपतात. ते सहाही जण हात उचलत नाहीत, कारण त्यांनी जेलरला वचन दिलेले असते. ज्या हातांनी एकेकाळी खून केले ते हात खाली राहतात. आणि वर उठतात ते ‘सभ्य’ बाजाराचे. आजच्या सूडकथांच्या शेजारी हा जुना चित्रपट लावून पाहा. शाळेत पडदा असेल तर मुलांनाही दाखवा.

सरकारी बाजूने अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. १ मे २०२२ ला ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना पुण्याच्या येरवडा तुरुंगातून सुरू झाली. राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, व्याज सात टक्के, तारण नाही. तुरुंगात काम करून त्याला जी मजुरी मिळते त्यातून ते फिटते. पैसा जातो घरच्यांकडे, मुलाच्या फीला, आजारपणाला. आतला माणूस घरचा कर्ता राहतो, हे त्यातले मोल. नागपूरच्या कारागृहात ‘गळाभेट’ नावाचा उपक्रमही होतो. एरवी कैद्याची भेट जाळीआडून असते. या दिवशी मुलांना आत सोडतात, आणि बापाला आपले पोर मांडीवर घेता येते.

त्या पोरांबद्दल शिक्षक बंधुभगिनींशी थोडे बोलायचे आहे. कच्चा असो की पक्का, कैद्याचे मूल तुमच्या वर्गात असू शकते, आणि ते तुम्हांला सांगणार नाही. बाबा पुण्याला कामाला गेले आहेत, असे सांगेल. मधल्या सुटीत कोणीतरी घरी ऐकलेले बोलून दाखवेल आणि मग ते मूल शाळेत यायचे बंद होईल. हजेरीपटावर लाल फुली पडू लागली की आधी घरी जाऊन या. आई सहसा रोजंदारीला गेलेली असते, आजी भेटेल. ज्या मुलांचे आई किंवा वडील तुरुंगात आहेत, त्यांना ‘क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजने’खाली दरमहा मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. त्या आईला बहुधा हे माहीत नसते, आणि माहीत असले तरी ‘नवरा तुरुंगात’ हे शब्द घेऊन चारचौघांत खिडकीपुढे उभे राहायला तिचे मन धजत नाही. तो अर्ज तुम्ही शाळेत बसून भरून द्या, आणि जमले तर तिच्याबरोबर एक दिवस जिल्ह्याला जाऊन या.